शाम शुई पोमधलं डिम सम: कॅफे चांगल्या कामाचं असेल तर फाटक्या हार गावला (कोळंबीच्या मोमोला) माफी द्यायची का?

चहाबाज
मंडळी, हाँगकाँगला राहणारे आणि इथे येऊन गेलेले बरेच जण आहेत म्हणून विचारतोय. शाम शुई पोमध्ये एका जुन्या इमारतीत वरच्या मजल्यावर डिम समचं, म्हणजे चहाबरोबर खायच्या टोपलीत वाफवलेल्या पदार्थांचं, छोटं कॅफे आहे, नाव मुद्दाम देत नाही, कारण पुढे वाचलंत की कळेल. वाढणारे सगळे कर्णबधिर, किचनमध्ये काही जण गतिमंद, आणि त्यांच्यावर एक रिटायर झालेले डिम समचे उस्ताद. नफा सगळा परत प्रशिक्षणात जातो असं मेनूच्या मागे लिहिलंय.

आता खाण्याचं. सिऊ माय, म्हणजे वरून उघडे मोमो, एक नंबर. डुकराचं मांस सुरीने कापलेलं, मशीनमधून काढलेला लगदा नाही, दाताखाली तुकडा लागतो. चार सिऊ बाउ, म्हणजे भाजलेल्या डुकराच्या मांसाचा वाफवलेला पाव, बरा, वरून तीन ठिकाणी छान उकललेला, आतलं सारण मात्र गोडाकडे झुकलेलं. हार गाव मात्र वाईट होतं हो. पारी जाड, टोपलीच्या कागदाला चिकटलेली, चॉपस्टिकने उचलायला गेलो तर कोळंबी खाली आणि पारी वर. चाँग फन, म्हणजे तांदळाच्या पिठाची पातळ वाफवलेली गुंडाळी, तर गारच आलं. बायको म्हणाली सांग त्यांना, मी म्हटलं जाऊदे. मग घरी येऊन रिव्ह्यू लिहायला बसलो तर तिथे आधीचे सगळे रिव्ह्यू पाच तारे, "डोळ्यात पाणी आलं", "नक्की जा आणि सपोर्ट करा", खाण्याबद्दल कोणी चकार शब्द नाही. मी तीन तारे द्यावेत की गप्प बसावं?

मिरचीदादा
पाच तारे द्या आणि परत जाऊ नका, सगळे तेच करतात :)

गंमत सोडा, पण माझं स्पष्ट मत आहे की खायला गेलोय तर खाण्याचे पैसे देतोय. दान करायचं असेल तर ते वेगळं करावं, त्याची पावती घ्यावी. दोन्ही एकाच टोपलीत वाफवायला ठेवलं की ना धड डिम सम मिळतं ना धड दान होतं. टोपलीला किती घेतात?

चहाबाज
तीसेक हाँगकाँग डॉलर, म्हणजे आजूबाजूच्या ठिकाणांएवढंच. चहाचे माणशी वेगळे, ते तर सगळीकडेच लावतात. महाग अजिबात नाही, तक्रार किमतीची नाहीचे.

खमंग_काकू
चहाबाज, तुमचं हार गाव का फाटलं ते मी सांगते. मी इथे कम्युनिटी सेंटरमध्ये डिम समचा क्लास केलाय त्यामुळे हात पोळून घेतलेत.

हार गावची पारी साध्या मैद्याची नसते. गव्हाच्या पिठातलं ग्लुटेन धुऊन काढल्यावर उरतो तो स्टार्च आणि त्यात टॅपिओका किंवा बटाट्याचा स्टार्च. ग्लुटेन नाही म्हणूनच ती वाफवल्यावर काचेसारखी दिसते, आतली गुलाबी कोळंबी दिसते. पण ग्लुटेन नाही म्हणूनच तिला ताणही सहन होत नाही. पिठावर पाणी अगदी खळखळतं ओतावं लागतं, उकड नीट निघाली नाही तर पुढे काहीही करा, पारी तुटतेच. पाणी पातेल्यातून उतरवून दोन मिनिटं गप्पा मारल्या की संपलं. मग गोळा ओल्या फडक्याखाली, कारण उघडा राहिला की वाळून कडा चिरतात. आणि पारी लाटत नाहीत, रुंद सुरीच्या पात्याला तेल लावून ते आडवं धरायचं आणि गोळीवर दाबून फिरवायचं, एका हालचालीत गोल पातळ चकती. ती हालचाल मला अजून जमलेली नाही, माझी चकती एका बाजूला कागद आणि दुसऱ्या बाजूला पुठ्ठा होते. त्यानंतर चुण्या, सात तरी हव्यातच, चांगले लोक दहा-बारा घालतात, आणि त्या सगळ्या एकाच बाजूला.

सिऊ मायची पारी अंडं घातलेल्या मैद्याची, लवचिक, आणि वरून उघडीच असते, मुठीत धरून आवळली की झालं. त्यामुळे शिकाऊ माणसाला आधी सिऊ माय देतात आणि हार गाव शेवटी. तुमच्या कॅफेत नेमकं तेच दिसतंय! सिऊ माय पक्कं झालंय, हार गाव शिकणं चालू आहे.

मिरचीदादा
काकू, शिकणं चालू आहे ते ठीक पण शिकण्याची फी गिऱ्हाइकाने का भरायची? शिकणाऱ्यांचं हार गाव अर्ध्या किमतीत द्या, मेनूवर तसं लिहा, मी आनंदाने खाईन.

खमंग_काकू
ही आयडिया वाईट नाही खरं तर.

गल्लीबोळ
तुम्ही सगळे एक गोष्ट विसरताय. हाँगकाँगच्या कितीतरी रेस्टॉरंटमध्ये जे डिम सम मिळतं ते तिथे बनतच नाही. कारखान्यात बनतं, फ्रोझन येतं, इथे फक्त वाफवतात. भाडी अशी आहेत आणि पहाटे तीन-चारला उठून पारी दाबायला तरुण पोरं तयार नाहीत, मग काय करतील. ती फॅक्टरीची हार गाव कधी फाटत नाहीत, सगळ्यांच्या चुण्या मोजून सारख्या, आणि चव सगळीकडे एकच. त्यापुढे मला हाताने दाबलेलं फाटकं परवडतं. टिम हो वान हे डिम समचं रेस्टॉरंट २००९ ला मोंग कॉकमध्ये चिमुकल्या दुकानात सुरू झालं आणि लगेच त्याला मिशलिनचा तारा मिळाला, त्याचं कौतुक कशाचं होतं, तर ऑर्डर आल्यावर ताजं करून स्वस्तात देतात याचं. म्हणजे ताजं बनवणं ही तेव्हाच बातमी झाली होती.

बाकी रिव्ह्यू लिहा की, त्यात एवढं काय. फक्त सिऊ मायचं आधी लिहा.

शुभ्रकमळ
थोडं अवांतर. पुढच्या महिन्यात हाँगकाँगला येतेय, पूर्ण शाकाहारी, अंडं चालतं. अशा कॅफेत मला काही मिळेल का? आणि कर्णबधिर वेटरला "यात डुक्कर आहे का" कसं विचारायचं, मला तर कॅन्टोनीजही येत नाही :(

निःशब्द
शुभ्रकमळ, याचं उत्तर मी देतो, आणि वरच्या चर्चेवरही थोडं बोलायचंय. मी स्वतः कर्णबधिर आहे, लहानपणापासून. काही वर्षं हाँगकाँगमध्ये नोकरी केली, क्वुन टाँगला राहायचो.

तुम्हाला कॅन्टोनीज येत नाही ना, मग तुमची आणि माझी अवस्था त्या टेबलावर सारखीच. आणि मला हाँगकाँगमध्ये सगळ्यात सोपं जेवण कुठलं वाटायचं माहितीये? डिम समच. टेबलावर कागद असतो, पदार्थांची यादी, छोटा मध्यम मोठा स्पेशल असे किमतीचे गट, समोर चौकोन. पेन्सिलने खूण करायची आणि कागद द्यायचा. बोलायचं काहीच नाही. किटलीतलं पाणी संपलं तर झाकण तिरकं करून ठेवायचं, कोणीतरी येऊन गरम पाणी भरून जातं, हाक मारायची गरज नाही. कोणी तुमच्या कपात चहा ओतला तर दोन बोटं टेबलावर टकटक करायची, हे आभार. चिएनलोंग बादशहा वेष पालटून फिरताना नोकराला चहा ओतायचा आणि नोकराला सगळ्यांसमोर वाकता येईना म्हणून त्याने बोटं वाकवली अशी गोष्ट सांगतात, खरीखोटी देव जाणे. पण विचार करा, ऐकू येणाऱ्या लाखो लोकांनी आधीच हातवाऱ्यांवर चालणारं जेवण करून ठेवलंय. त्यामुळे कर्णबधिरांनी पिझ्झा वाढण्यापेक्षा डिम सम वाढणं हे मला फार हुशारीचं वाटतं. कॅफे काढणाऱ्याने हा विचार केला होता की आपसूक झालं कोण जाणे.

उलट जुन्या पद्धतीच्या चहाघरांत ढकलगाड्या फिरतात, बायका पदार्थांची नावं ओरडत जातात, तिथे माझे हाल व्हायचे. गाडी मागून यायची आणि निघून जायची, मला कळायचंच नाही. सगळ्यांना त्या गाड्यांचं केवढं अप्रूप, मला कागद बरा.

आणि चहाबाज, गार चाँग फन परत का नाही केलंत? तुम्ही दुसऱ्या कुठल्याही ठिकाणी केलं असतं. प्लेटला हात लावून, नाक मुरडून, परत सरकवली असती तर वेटरला सेकंदात कळलं असतं. आम्हाला चेहरा वाचायची सवय असते, तुम्ही हसून "छान छान" अंगठा दाखवता आणि प्लेट अर्धी भरलेली सोडून जाता तेही कळतं. त्याने राग येतो, तक्रारीने नाही.

चहाबाज
निःशब्द, शेवटचं वाक्य लागलं. अंगठा दाखवलाच होता आम्ही. हे लिहिल्याबद्दल आभार, धाग्याचा सूरच बदललात तुम्ही.

शुभ्रकमळ
खूपच छान प्रतिसाद. पण डुक्कर राहिलं :)

निःशब्द
हो हो. फोनवर चिनी अक्षरांत लिहून ठेवा, मांस नाही, मासे-कोळंबी नाही, डुकराची चरबी नाही, ऑयस्टर सॉस नाही. सगळं वेगवेगळं लिहा, नुसतं "व्हेज" लिहू नका. ओळखीच्या कॅन्टोनीज माणसाकडून एकदा तपासून घ्या. बाकी पदार्थांचं काकू जास्त नीट सांगतील.

हिशेबनीस
सगळे चवीवर आणि भावनेवर बोलतायत, मला पगार जाणून घ्यायचाय. अशा ठिकाणी काम करणाऱ्यांना नक्की किती मिळतं? कारण "सामाजिक उपक्रम" म्हणून कमी पगारात राबवून घेतात अशी शंका येतेच. हाँगकाँगमध्ये किमान वेतनाचा कायदा १ मे २०११ ला लागू झाला, तेव्हा तासाला २८ डॉलर, मे २०२५ ला ते ४२.१ डॉलर झालं. त्यात अपंग व्यक्तींसाठी वेगळी सोय आहे: उत्पादकतेचं मूल्यांकन करून घेता येतं, आणि समजा ७० टक्के निघाली तर किमान वेतनाच्या ७० टक्के दिले तरी कायदेशीर. मूल्यांकनाआधी जास्तीत जास्त चार आठवड्यांचा ट्रायल, त्यात निदान निम्मं वेतन द्यावंच लागतं.

आता यात मेख अशी की मूल्यांकन करायचं की नाही हे ठरवायचा हक्क मालकाला नाही, कामगाराला आहे. कामगाराने मागितलं नाही तर पूर्ण किमान वेतन. कागदावर हे ठीक आहे. पण ज्याला दुसरीकडे नोकरीच मिळत नाहीये तो मालकाने "करून घे" म्हटल्यावर नाही कसं म्हणेल? मी तर अशा कॅफेत जाऊन हार गावपेक्षा हा प्रश्न आधी विचारीन.

मिरचीदादा
हिशेबनीस +१. पहिल्यांदा कोणीतरी मुद्द्याचं बोललं.

गल्लीबोळ
थांबा थांबा, दुसरी बाजूही बघा. ती सोय नसती तर काही लोकांना कोणी घेतलंच नसतं, हा युक्तिवाद तेव्हाही झाला होता. आणि सगळी ठिकाणं एका मापाने मोजू नका. जिन्को हाऊस हे रेस्टॉरंट २००६ पासून ज्येष्ठांना कामावर घेतंय, तिथला प्रश्न अपंगत्वाचा नाहीच, साठीनंतर कोणी नोकरी देत नाही हा आहे. अपंगांना कामावर घेणारं डिग्निटी किचन मूळचं सिंगापूरचं, २०१० चं, ते २०२० च्या सुरुवातीला मोंग कॉकला आलं, तिथे ऑर्डर देण्यासाठी खुणांची चित्रं काउंटरवर लावलेली, तुम्ही खूण करून ऑर्डर द्यायची. म्हणजे शिकायचं गिऱ्हाइकाने. आणि वेळ बघा काय साधली, उघडलं आणि लगेच कोविड. संध्याकाळी सहानंतर बसून खायला बंदी, टेबलाला दोनच माणसं, असले नियम. त्यात नुसतं टिकणं हीच कमाई होती.

निःशब्द
कोविडचं निघालंच म्हणून. मास्कची सक्ती हाँगकाँगमध्ये १ मार्च २०२३ ला उठली. त्याआधी अडीच वर्षांहून जास्त काळ मी ओठ वाचू शकत नव्हतो, सुपरमार्केटमध्ये, बँकेत, सगळीकडे गोंधळ. खुणा येणारा वेटर म्हणजे मला तेव्हा केवढा आधार. मी अशा कॅफेत सामाजिक कामाला हातभार लावायला जात नव्हतो, मला सोयीचं म्हणून जात होतो. असं गिऱ्हाईक पण असतं, हे रिव्ह्यू लिहिणाऱ्यांच्या डोक्यातच येत नाही. सगळ्यांना वाटतं आत येणारे सगळे ऐकू येणारे आणि उपकार करायला आलेले.

हिशेबनीस यांचा प्रश्न बरोबर आहे. पण तो वेटरला नका विचारू. मालकाला विचारा, ईमेल करा. टेबलावर वाढणाऱ्या माणसाला तुला पगार किती असं कोणी विचारतं का?

हिशेबनीस
मान्य. वेटरला विचारायचा विचार नव्हताच, पण स्पष्ट केलंत ते बरं झालं. आणि दहा टक्के सर्व्हिस चार्ज लावत असतील तर तोही कुठे जातो ते विचारा. इथे तो कर्मचाऱ्यांना द्यायलाच हवा असा नियम नाही, बऱ्याच ठिकाणी सरळ रेस्टॉरंटच्या गल्ल्यात जातो. टीप द्यायची तर रोख हातात द्या.

चहाबाज
सर्व्हिस चार्ज नव्हता. चहा आणि टोपल्या, बस.

खमंग_काकू
शुभ्रकमळ, आता तुझं. डिम सममध्ये शाकाहारी माणसाला सापळे फार. लो बाक गो म्हणजे मुळ्याची वडी, नाव ऐकून वाटतं आपलीच, पण त्यात सॉसेज आणि सुक्या कोळंब्या असतात. वू गोक, अळकुडीची जाळीदार तळलेली वडी, आत डुकराचा खिमा. कमळाच्या पानातला चिकट भात, लो माय गाय, त्यात चिकन. दान तात म्हणजे अंड्याचं टार्ट, अंडं चालतं तरी विचार, पारीत बऱ्याचदा डुकराची चरबी असते. चालणारं म्हणजे साधं चाँग फन, आत काहीच न भरलेलं, वरून तीळ आणि गोड सॉस, सॉस वेगळा माग. मा लाय गो, वाफवलेला स्पंजी केक, हा बहुतेक ठिकाणी चालेल पण चरबीचं विचारच. भाज्यांचं फन गुओ (पारदर्शक पारीचे मोमो) असेल तर घे, नाहीतर बौद्ध शाकाहारी रेस्टॉरंटमध्ये जा, तिथे सगळं डिम सम निर्धास्त खाता येतं, कोळंबीसुद्धा शाकाहारी!

चहा बो लेय घेऊ नकोस पहिल्यांदा, मातीसारखा लागेल. शेवंतीची फुलं घातलेला गुक बो घे, तो सौम्य. आणि दोननंतर गेलीस तर टोपल्या स्वस्त असतात पुष्कळ ठिकाणी. सकाळी लवकर जाऊ नकोस, आजोबा मंडळी पेपर घेऊन बसलेली असतात, दोन टोपल्या आणि एक किटली यावर दोन-दोन तास, टेबल मिळणार नाही.

शुभ्रकमळ
काकू तुम्ही देवमाणूस आहात. वाचनखूण साठवली.

नवी_पालवी
पहिल्यांदाच प्रतिसाद देतेय, वाचते नेहमी. माझा मुलगा गतिमंद आहे, एकोणीस वर्षांचा, आम्ही हाँगकाँगमध्ये नाही राहात त्यामुळे तिथलं माहीत नाही, पण काकूंनी सिऊ माय आधी आणि हार गाव शेवटी असं जे लिहिलंय ते वाचून थांबले. त्याला एका बेकरीत असंच शिकवतायत, एक काम पक्कं होईपर्यंत दुसरं देत नाहीत, वजन करणं त्याला छान जमतं, ग्रॅमचाही फरक खपवून घेत नाही, घाई केली की मात्र सगळं सांडतो. मला एवढंच म्हणायचंय की रिव्ह्यूमध्ये हार गाव फाटलं हे लिहा. "या मुलांनी किती मेहनत केलीय" असं कृपया लिहू नका, तो मुलगा नाहीये, प्रौढ माणूस आहे, आणि मेहनत तर बाजूच्या दुकानातला आचारी पण करतो.

आणि फोटो काढताना विचारा हो. पदार्थांचे हवे तेवढे काढा, माणसांचे विचारून.

मिरचीदादा
पालवीताई, तुमच्या मुलाने वजन केलेला पाव मी डोळे मिटून घेईन, आमच्या इथला बेकरीवाला दर आठवड्याला पाव लहान करतोय.

आणि माझं वरचं मत थोडं सुधारून घेतो. दान आणि खाणं वेगळं ठेवा हे अजूनही म्हणतो, पण म्हणजे खाण्याबद्दल खाण्यासारखं बोला, इतकंच. शिकाऊ हार गाव अर्ध्या किमतीत, ही सूचना चहाबाज तुम्ही त्यांना कळवाच.

नवी_पालवी
अर्धी किंमत नको वाटते मला. "फाटलेलं" असं लेबल लागतं मग त्या माणसावर. उस्तादांनी टोपली बाहेर जायच्या आधी बघावी, फाटलेलं असेल तर जाऊ देऊ नये, स्टाफने खावं. बेकरीत तेच करतात, वाकडे पाव आमच्याच घरी येतात :)

खमंग_काकू
हे जास्त बरोबर आहे. माझे क्लासमधले फाटके नवरा खायचा.

चहाबाज
अपडेट. काल संध्याकाळी रिव्ह्यू टाकला, तीन तारे. सिऊ मायचं पहिल्या ओळीत, हार गावची पारी जाड आणि फाटलेली, चाँग फन गार, सेवा चोख आणि पटकन, कागदावर खूण केली की दहा मिनिटांत टोपली. कर्णबधिर स्टाफ आहे हे शेवटी माहिती म्हणून एका ओळीत, म्हणजे ज्यांना ती सोय हवीय त्यांना कळेल, हे निःशब्द यांच्यामुळे सुचलं. सोबत त्यांना ईमेल केलं, पगाराचा प्रश्न आणि पालवीताईंची टोपली तपासायची सूचना दोन्ही घालून.

आज दुपारी उत्तर आलं. स्टाफमधल्या कोणाचंही उत्पादकता मूल्यांकन केलेलं नाही, सगळ्यांना किमान वेतन किंवा त्याहून जास्त, असं त्यांचं म्हणणं. हार गावबद्दल लिहिलंय की पारी दाबणारा माणूस नवीन आहे आणि सध्या ते फक्त शनिवार-रविवारी ठेवणार आहेत, त्या दिवशी उस्ताद स्वतः शेजारी उभे असतात. चाँग फनबद्दल काहीच लिहिलेलं नाही.

हिशेबनीस
लेखी उत्तर दिलं हेच खूप. "किंवा त्याहून जास्त" म्हणजे किती ते विचारून बघा परत.

गल्लीबोळ
चाँग फनचं त्यांच्या हातात फारसं नाही, ती वाफेवरून उतरल्यावर दोन-तीन मिनिटांतच गार होते, पातळ असते ना. किचनपासून लांबच्या टेबलावर बसला होतात का?

चहाबाज
खिडकीपाशी, एसीच्या खाली.

गल्लीबोळ
मग टेबल बदला.